घर बांधताना संगणकाला काय विचारावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपल्यापैकी कोणी तरी आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगते. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठ्या मोठ्या शब्दांची अपेक्षा कोणी करू नये. विषय चिटणीसबाईंनीच दिला, कारण गेले वर्षभर आमच्या घरात नव्या घराचे नकाशे पसरलेले असतात हे हळदीकुंकवाला आलेल्या सर्वांनी पाहिले आहे. म्हणाल्या, "ते संगणकावर घर कसे करतात ते सांगा." त्याप्रमाणे सांगते.

माझे मामा ड्राफ्ट्समन होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेले की मोठा तिरका पाट, त्यावर टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेने दिसत. एक रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. नकाशाच्या प्रती निघत त्यांना अमोनियाचा असा वास यायचा की डोळ्यांतून पाणी येई. खिडकी एक फूट सरकवा असे मालकाने म्हटले की मामांचे दोन दिवस गेले. आता तेच काम बसल्या बसल्या होते. संगणकावर चित्र काढण्याची सुरुवातीची खटपट अमेरिकेत 1963 साली आयव्हन सदरलँड यांनी केली, आणि 1982 साली ऑटोकॅड निघाल्यावर हळूहळू तिरके पाट अडगळीत गेले. पण ती नुसती रेघच होती. कागदावरची रेघ काचेवर आली एवढेच.

खरा फरक त्यानंतरचा. आमचे घर काढणारी मुलगी नुकती वास्तुविशारद झालेली. मला ती काकू म्हणते. तिने सांगितले, "काकू, आता मी रेघ काढत नाही, भिंत काढते." म्हणजे ती भिंत किती जाडीची, कशाची, तिला गिलावा कोणता, हे सारे त्या संगणकाला ठाऊक असते. भिंत सरकवली की खिडकी बरोबर सरकते, विटांचा आकडा बदलतो, सिमेंटच्या पोत्यांचा आकडा बदलतो. पाण्याचे नळ, विजेच्या नळ्या, तुळया सगळे एकाच घरात मांडलेले. संडासाचा पाइप तुळईतून जात असेल तर ते स्लॅब पडण्यापूर्वीच दिसते. आमच्या ओळखीच्या एका घरी स्लॅब झाल्यावर तुळई फोडावी लागली होती. तो आवाज मी ऐकला आहे, म्हणून या गोष्टीचे मोल मला कळते.

आता मुद्द्याचे सांगते. आपल्या सोलापुरात घर बांधायचे म्हणजे उन्हाशी गाठ. आमचे जुने घर पेठेतले, माळवदाचे. दोन दोन फूट जाड भिंती, वर लाकडे आणि मातीचा थर. दिवसाचे ऊन त्या मातीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ उलटते आणि बाहेर गार वारा सुटतो. पुढे वाटण्या झाल्या आणि आम्ही स्लॅबच्या खोल्यांत राहायला आलो. तिथे दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर अंगावर वाफ टाकतो. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. एप्रिल-मे महिन्यांत त्या रात्री दोन दोनदा उठून फरशीवर पाणी मारून तिथेच निजतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांना चक्कर येऊन त्या पडल्या. तेव्हा नवे घर चांगले दिसावे की त्यात म्हाताऱ्या माणसाला झोप यावी, हा आमच्या घरातला प्रश्न होता. गंमत नव्हती.

पहिल्या नकाशात सासूबाईंची खोली पश्चिमेला होती. त्या मुलीने आमच्या जागेचे अक्षांश-रेखांश घातले, महिना मे ठेवला, आणि घड्याळ पुढे सरकवत नेले. पडद्यावरच्या घरावरून सावली सरकू लागली. भगिनींनो, मला हसू आले! वाळवण घालणारी प्रत्येक बाई हे जन्मभर करते. कुरडया घातल्या की सकाळी कठड्याची सावली कुठे, दुपारी टाकीची कुठे, हे आपल्याला कोणी शिकवले? मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. हे मी तिला गच्चीवरच्या सावलीवरून सांगितले, आणि तिच्या संगणकानेही तेच सांगितले. तिला नवल वाटले. मला संगणकाचे वाटले.

पण संगणकाने जे मोजून दाखवले ते मला मोजता आले नसते. पश्चिमेच्या खिडकीवर 2 फुटी छज्जा काढला होता. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता त्याची सावली खिडकीवर जेमतेम 1 फूट उतरते. बाकीच्या 3 फुटांतून ऊन थेट पलंगावर. तोच छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर असला तर मे महिन्यात भर दुपारी ऊन आत येतच नाही, आणि डिसेंबरात मात्र खालच्या भागातून कोवळे ऊन घरात येते. म्हणजे छज्जा तोच, दिशा वेगळी. यजमान आधी "छज्जा छज्जाच असतो" म्हणत होते. ते पडद्याकडे पाहत गप्प बसले. आता पश्चिमेला जिना, न्हाणी आणि कोठीची खोली आली आहे. उन्हाचा मारा त्यांनी सोसायचा. सासूबाईंची खोली ईशान्येला गेली.

याच्यापुढेही एक पायरी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एनर्जीप्लस नावाची एक मोजणीची प्रणाली केली आहे, ती फुकट मिळते. तिच्यात गावाचे हवामान घातले की वर्षाच्या 8,760 तासांपैकी प्रत्येक तासाला खोली किती तापेल याचा अंदाज निघतो. भिंत बदलून पाहायची, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून पाहायचे, पुन्हा मोजायचे. घर न बांधता दहा वेळा बांधून पाहावे तसे. आमच्या घराला यात गच्चीचे महत्त्व सर्वांत जास्त निघाले, कारण एक मजली घराला ऊन वरूनच अधिक लागते. म्हणून दिवाणखान्याचे फॉल्स सीलिंग रद्द करून ते पैसे गच्चीच्या पांढऱ्या चायना मोझॅककडे वळवले. यावरून घरात चार दिवस अबोला होता, तो तपशील सांगत नाही.

सरकारनेही 2018 साली घरांसाठी इको निवास संहिता काढली आहे. भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता एका चौरस मीटरमागे सरासरी 15 वॅटच्या वर जाऊ नये असे तीत आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांसाठी होते. काढली तेव्हा ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या जागांसाठी होती, आमचा तुकडा त्याहून पुष्कळ लहान. पण लहान घरातल्या माणसाला उकडत नाही असे थोडेच आहे?

सिमेंटचेही ऐका. जगात माणसाच्या हातून जो कर्बवायू हवेत जातो त्यातला शेकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या कारखान्यांतून जातो. चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो वायू निघतो, तेव्हा जळण बदलूनही तो सगळा थांबत नाही. म्हणून पोती मोजूनच वापरावीत. केरळात लॉरी बेकर नावाचे मोठे वास्तुविशारद होऊन गेले. 1945 साली ते इंग्लंडहून आले आणि 2007 साली इथेच वारले. संगणकाशिवाय त्यांनी कमी खर्चाची, गार घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. आम्हांला पश्चिमेची भिंत तशी करायची होती. आमचे मिस्त्री म्हणाले, "वहिनी, पोकळ भिंतीचं नाव माझ्यावर येईल." त्यांना ओळंबा लावायला संगणक शिकवणार नाही, त्यांचे भय खोटे नव्हते. मग त्या मुलीने फोनवर एकेक थर उभा करून दाखवला, कोपऱ्यात भरीव विटा कशा येतात तेही. त्यांनी अंगणात कमरेइतकी नमुन्याची भिंत बांधली, दोन दिवस तिच्याकडे पाहिले आणि कबूल झाले.

आता दुसरी बाजू. संगणकावरच्या रंगीत चित्रांना भुलू नका. आमच्या पहिल्या चित्रात घरापुढे हिरवळ, उत्तरेच्या तोंडावर झळझळीत ऊन, आणि शेजारी मोकळे आभाळ होते. प्रत्यक्षात आमच्या पूर्वेला 10 फुटांवर तीन मजली इमारत आहे, आणि हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही. चित्र काढणाऱ्याला वाटेल तिकडून सूर्य उगवता येतो! ती इमारत त्यात घाला असे मी सांगितले, मागचा लिंब घाला, नळाला पाणी येते तेव्हा पिंपे कुठे ठेवतो ते घाला, धुणे कुठे वाळते ते घाला. संगणकाला आपण सांगू तेवढेच कळते, आणि घरात काय कुठे चालते ते सांगणारी बाई नकाशाच्या बैठकीत बहुधा चहा करण्यासाठी आत गेलेली असते.

पाण्याचा हिशेब मात्र संगणकावाचूनही करता येतो. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर 1 इंच पाऊस पडला की सुमारे 2,360 लिटर पाणी होते. आम्ही ते परसातल्या टाकीत घेणार आहोत. यजमानांची दर्शनी काच राहिली आहे, पण ती जिन्याच्या उत्तर बाजूला. त्यांनी थोडे सोडले, आम्ही थोडे.

एक गोष्ट अजून अडून आहे. पुढच्या दाराशी तुळशीवृंदावन काढले होते. पुढचे अंगण उत्तरेला, 10 फुटांचे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा घराची सावली 12 फूट पुढे जाते, म्हणजे ऐन हिवाळ्यात तुळशीला ऊनच नाही. मुलगी म्हणते परसात दक्षिणेला न्या. सासूबाई म्हणतात, तुळस दारात हवी. दोघींचेही मला पटते. नकाशा मंजुरीला पुढच्या महिन्यात द्यायचा आहे, तोवर काही तरी ठरवावे लागेल. घराचे ते फिरते चित्र माझ्या फोनवर आहे; मंगळवारच्या भजनानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी थांबावे, आणि तुळशीबद्दल कोणाला काही सुचले तर तेव्हाच सांगावे.