रविवारची सुट्टी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज रविवार. तुमच्यापैकी अनेकांना सुट्टी असेल. ही सुट्टी आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सकाळपासून दिवस मावळेपर्यंत राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांची संघटना उभी केली. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पंधरा तारखेच्या आत पगार, अशा साध्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली.

आज आपण ज्याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतो, त्याचे मूळ मला या मागण्यांत दिसते. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आपल्याकडे वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला, मागोमाग लहानमोठे अनेक कारखाने आले आणि शेतकऱ्यांची मुले पाळीवर जाऊ लागली.

नव्वदच्या दशकात मी अशाच एका कारखान्यात हजेरी कारकून होतो. एका वर्षी कॅलेंडरात ईदची सुट्टी छापलेली, पण आदल्या संध्याकाळी चंद्र दिसलाच नाही. ईद एक दिवस पुढे गेली. आमचे पर्सोनेल साहेब स्वतः खाली शॉपमध्ये आले. म्हणाले, "उद्या कामावर या, परवा सुट्टी घ्या." पाळ्यांचा तक्ता त्यांनी तिथेच बदलला. त्या वर्षी गणपती विसर्जनाला आम्ही आपणहून सहकाऱ्यांच्या पाळ्या केल्या. कोणी सांगितले नव्हते.

मात्र त्याच यंत्रावर एक कंत्राटी पोरगा होता. त्याने विचारले, "साहेब, माझी ईद?" साहेब म्हणाले, "ठेकेदाराला विचार." ठेकेदार भेटलाच नाही. ईदच्या दिवशी पोरगा आला नाही. त्याच्या नावापुढे 'गैरहजर' ही खूण मीच केली आणि त्याचा रोज कापला गेला. साहेब चांगले होते, मीही स्वतःला चांगला समजत होतो. पण तो आमच्या यादीत नव्हता.

आता त्या खात्याला 'एचआर' म्हणतात. भरती, प्रशिक्षण, बढती, तक्रार, सगळे संगणकावर असते. कंत्राटी माणसे मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहेत. म्हणून व्यवस्थापन शिकणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे : ज्याचे नाव तुमच्या यादीत नाही, त्याचीही रजा ऐकून घ्या. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार त्याचाही आहे.