कुलमुखत्यारपत्र : कोणते, कशासाठी, कुठवर

स्वतः हजर राहणे शक्य नसेल तेव्हा आपल्या नावाने काम करण्याचा अधिकार दुसऱ्याला लेखी देणारा दस्त म्हणजे मुखत्यारपत्र. भारतात त्यासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आहे, पण तो मोजक्या कलमांचा. लिहून देणारा आणि मुखत्यार यांचे नाते ठरते ते मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावरून.

खास मुखत्यारपत्र एका ठरावीक कामापुरते असते. एका सदनिकेच्या खरेदीखताची नोंदणी करून द्यायची, तेवढे झाले की त्याचा अंमल संपतो. कुलमुखत्यारपत्रात अनेक कामे एकत्र येतात : भाडे वसूल करणे, घरपट्टी भरणे, तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज देणे, वकील नेमणे. बोलण्यात मात्र दोन्हींना सरसकट कुलमुखत्यारपत्रच म्हटले जाते आणि घोळाची सुरुवात तिथूनच होते. न्यायालये असा दस्त काटेकोरपणे वाचतात. ‘मिळकतीची व्यवस्था पाहावी’ एवढ्या शब्दांत ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार येत नाही. तो स्पष्ट लिहावा लागतो. मृत्युपत्र तर मुखत्याराला दुसऱ्याच्या वतीने करताच येत नाही.

दुसऱ्याने सही केलेला दस्त त्याच्या वतीने नोंदणीसाठी हजर करायचा असेल, तर नुसती नोटरी पुरत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार त्यासाठीचे मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर करून साक्षांकित करावे लागते. लिहून देणारा परदेशात राहत असेल, तर तिथली नोटरी किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी चालतो. मात्र असा दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

विकासकाला दिलेल्या मुखत्यारपत्रात ‘रद्द न होणारे’ असे शब्द बहुधा असतात. केवळ त्या शब्दांनी ते तसे होत नाही. मुखत्याराचा त्या मिळकतीतच हितसंबंध असेल, तरच करार कायद्याचे कलम २०२ त्याला संरक्षण देते. कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेणाऱ्यांची स्थिती याहून बिकट असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की अशा कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

सर्वांत मोठा गैरसमज मुदतीबद्दल आहे. वडिलांनी मुलाला मुखत्यारपत्र दिले आणि वडील वारले, तर त्या दिवसापासून मुलगा मुखत्यार राहत नाही. वारस म्हणून त्याचे जे हक्क असतील तेवढेच उरतात. लिहून देणाऱ्याचे मानसिक भान हरपले, तरीही कलम २०१ प्रमाणे अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या काळासाठी म्हणून जपून ठेवलेला कागद नेमका त्याच काळात निकामी होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने अशा स्थितीतही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि वृद्धांची संख्या वाढत असताना ही उणीव गंभीर आहे. बेशुद्ध पडून राहिलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते; मुंबई उच्च न्यायालयाने तसे आदेश दिलेही आहेत.

मुखत्याराने मागताच हिशेब द्यायचा असतो, आणि मालकाला अंधारात ठेवून तीच मिळकत स्वतःसाठी घ्यायची नसते. त्याच्यावरचा विश्वास उडाला तर दस्त रद्द करता येतो. पण केवळ रद्दलेख करून कपाटात ठेवल्याने काम होत नाही. मुखत्याराला तो कळेपर्यंत त्याच्यापुरता, आणि बाहेरच्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरता, जुना अधिकार चालूच राहतो. म्हणून मुखत्याराला लेखी नोटीस पाठवावी, बँक, गृहनिर्माण संस्था आणि दुय्यम निबंधक यांना पत्रे द्यावीत, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापावी आणि मूळ प्रत परत मागून घ्यावी.