पाळीचं दुखणं अंगावर काढू नका
(कॉटन ग्रीन येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, "पाळीत दुखायचंच" असं आपण आईकडून ऐकलं, लेकीलाही तेच सांगतो. पण दुखण्यापायी शाळा बुडते, कामाचा खाडा होतो, तेव्हा ते एंडोमेट्रिओसिस असू शकतं. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर वाढतं. जगात साधारण दहातल्या एकीला हा त्रास आहे.

पेशीत प्रथिनं बनवायच्या चिठ्ठ्या सुटतात. मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू स्वतः प्रथिन बनवत नाहीत, चिठ्ठ्या अडवतात. त्यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. या आजारात त्यातल्या काहींचं प्रमाण बदललेलं दिसतं. त्यावरूनच फ्रान्समध्ये लाळेतल्या १०९ मायक्रोआरएनएची चाचणी निघाली. इथून जवळच, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतही या आजारावर संशोधन चालतं.

चाचणी गावात येईल तेव्हा येईल. तोवर गटाचा हिशेब लिहितो तसं दुखणं लिहा: कुठल्या तारखेला, किती, संडासला बसताना की संबंधाच्या वेळी. ती वही डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफी चांगली आली तरी आजार असू शकतो. दुखणं थांबलं नाही तर पुन्हा जा. लेकीला एकटीला पाठवू नका, सोबत जा.