रामाळ्याची पाळ आणि उपोषणाचा मंडप

चंद्रपूरच्या परकोटाला लागून, बगड खिडकीजवळ असलेला रामाळा तलाव गोंडकालीन आहे. गोंडराजा रामशहाचे नाव त्याला चिकटले आहे. चांदागढच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, राज्यात तलाव ही शोभेची वस्तू नव्हती. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी राजा हीरशहाची रीत सांगतात. चांदा-भंडाऱ्याच्या मुलखात हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या त्या अशा रोखठोक व्यवहारातून. निसर्गप्रेम हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, आणि तलाव मात्र शाबूत होते.

त्या व्यवहारात राखण गृहीत होती. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ बैलगाड्यांनी धानाच्या बांधीत जाई; पाळीवर माती पडे, सांडव्याचे दगड बसवले जात. मासे ढिवर मासेमारांचे, पाणी धानाचे, कडेचे गवत गुरांचे. मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, काही संत नव्हता, पण पाळ फुटली तर त्याचेही धान बुडत असे.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. चांदा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. जमीनदारी गेली हे उत्तम झाले. पण तलाव सरकारजमा होताना गावाची राखणही जमा झाली आणि ती परत कोणी केली नाही. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे गेले. त्यांचे नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलीत मामा तलाव. नावातच ‘माजी’ आले. आजी मालक कोण, हे विचारायचे राहून गेले.

शहरातल्या रामाळ्याची गत निराळी, पण मूळ तेच. त्यात सांडपाणी येत राहिले. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद म्हणजे जलपर्णीला आयते खत. ही वनस्पती मुळे मातीत न रोवता तरंगते आणि फुगीर देठांवर पसरत जाते. तिची जांभळी फुले पाहून कवींना ओळी सुचतात, आणि खाली उजेड पोचेनासा होतो, पाण्यातला प्राणवायू उतरतो, मासे श्वासासाठी पृष्ठभागावर तोंड काढतात. उपटलेला ढीग काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात तो पुन्हा पाण्यात जातो. म्हणून ‘स्वच्छता मोहीम’ दरवर्षी पहिल्यापासून सुरू होते आणि छायाचित्रेही दरवर्षी नवी निघतात.

या शहरात इको-प्रो ही संस्था बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने उभी राहिली. २००९ मध्ये ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध त्यांनी उपोषण केले. २०१७ पासून संस्थेच्या स्वयंसेवकांनी किल्ल्याच्या परकोटावरची झाडे-झुडपे काढायला घेतली. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या वेशींच्या मधली भिंत पुन्हा दिसू लागली. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी धोतरे रामाळ्यासाठी अन्नत्यागाला बसले. सांडपाण्यावर प्रक्रिया करा, तलाव खोल करा, खाणींतून उपसले जाणारे पाणी तलावात सोडा, अशा मागण्या होत्या. उपोषण सुटल्यावर तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

या घटनेचा गौरव करण्याची सभा-संमेलनांत चढाओढ असते. गौरवाआड एक लाजिरवाणी बाब झाकली जाते. शुद्ध न केलेले सांडपाणी तलावात सोडू नये हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात लिहिलेले आहे. जे कायद्याने सत्तेचाळीस वर्षे आधीच सांगितले होते, ते मागायला एका नागरिकाला अन्न सोडावे लागले. याला त्याग म्हणून ओवाळणे म्हणजे थकबाकीदाराला सोडून वसुली करणाऱ्याच्या गळ्यात हार घालणे. आणि गाळ काढला, नाला तसाच राहिला, तर पुढचा गाळ ठरलेला आहे. काठावर कारंजी, रंगीत दिवे आणि बाके आली की त्यालाही ‘संवर्धन’ म्हटले जाते. त्यातून पाण्यात कणभर प्राणवायू वाढत नाही.

शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात ढिवरांनी दुसरा मार्ग दाखवला. तलाव आटल्यावर त्याच्या तळात नांगर घालून बेशरम ही माजलेली वनस्पती मुळासकट काढायची, आणि पावसाआधी देशी पाणवनस्पती लावायच्या. कटला-रोहूचे बीज सोडून उत्पन्न मोजणाऱ्या मत्स्य खात्याला हा उद्योग सुरुवातीला वेडगळ वाटावा, यात नवल नाही. मरळ, शिंगी यांसारख्या देशी माशांना अंडी घालायला आणि लपायला झाडोराच लागतो, हे ढिवरांना ठाऊक होते.

गडचिरोलीत कायद्याची बाजूही भक्कम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलाशयातील इतर उपजांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट नोंदवला आहे. मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णयाआधी सभा भरते आणि सभेच्या हाती कागद असतो. रामाळ्याच्या काठी अशी सभाही नाही, असा कागदही नाही. इको-प्रोकडे आहेत ते विळे, दोर आणि पोच घेतलेल्या निवेदनांच्या प्रती.