पाटे ठेवायचे की कॉइल टाकायची?

आजचा भाग एका फोनमुळे ठरला. दोंडाईच्याच्या माझ्या मामेभावाकडे पिकअप आहे. सीझनला मिरची-कापसाच्या भाड्याला जाते, बाकी वेळ तो तिला नदीच्या रेतीत पळवतो. इंजिन ट्यून करून ताकद वाढवलीय, आणि आता मागचे पाटे काढून कॉइल टाकायचं डोक्यात आहे. म्हणतो, "भो, रॅप्टरले कॉइल शे, मंग मनी गाडीले काब्र नको?"

माझं बीटेक कॉम्प्युटरचं, त्यामुळे पाना कसा धरायचा हे मी शिकवणार नाही. पण निवड कशी करायची, एवढं गणित तर मांडू शकतो.

रॅप्टरपासूनच सुरुवात करू. फोर्डने २०२१ च्या एफ-१५० रॅप्टरला मागे पाच लिंकची कॉइल दिली, हे खरं. पण त्याआधीच्या दोन्ही पिढ्या पाट्यांवरच पळत होत्या. आपल्याकडची इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घ्या, दोघींना मागे पाटेच. म्हणजे पाटे जुनाट आणि कॉइल भारी, असा सरळ हिशोब नाही.

पाटा दोन कामं करतो. वजन पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरतो. कॉइल फक्त वजन पेलते. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये, पिळला जाऊ नये म्हणून चार लिंक लागतात, आणि आडवा सरकू नये म्हणून पाचवी. या सगळ्यांचे ब्रॅकेट चेसिसला वेल्ड होणार. मालासकट कोंडाईबारीच्या घाटात त्यातलं एक वेल्ड सुटलं, तर मागचा ॲक्सल वाकडा होईल आणि गाडी स्टिअरिंगचं ऐकणार नाही. माझी खरी काळजी ही आहे.

आता वजनाचं गणित. स्प्रिंग वजनाने किती सेंटीमीटर दबली ते बघा. ५ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागलं की गाडी सेकंदाला साधारण किती वेळा डुलेल ते कळतं. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या स्प्रिंगांवर ४०० किलो आहेत आणि पाटे ४ सेंटीमीटर दबलेत. उत्तर आलं २.५. म्हणून रिकामी पिकअप आदळते. मागे ६०० किलो माल भरला की दबाव होतो १० सेंटीमीटर, आणि डुलणं येतं १.६ वर. आता गाडी मऊ चालते.

मऊ कॉइल टाकली तर रिकाम्या गाडीतच १० सेंटीमीटर दबेल, मजा येईल. पण तोच माल भरल्यावर दबाव २५ सेंटीमीटर! एवढी जागा खाली असते कुठे? गाडी थेट बंप स्टॉपवर बसणार. बरं, कडक कॉइल टाकली तर रिकामी गाडी पुन्हा आदळणार. मग खर्च कशासाठी केला?

भावाची तक्रार मात्र खोटी नाही. टॉर्क वाढला की ॲक्सलचं घर उलट दिशेने पिळलं जातं. पाटा एस अक्षरासारखा वाकतो, सुटतो, परत वाकतो, आणि मागची चाकं ठकठक उड्या मारतात. पण त्याला औषध आहे ट्रॅक्शन बार. ॲक्सलपासून चेसिसपर्यंत जाणारा हा दांडा ते पिळणं अडवतो. रेतीत आदळआपट जास्त असेल तर चांगले शॉक ॲब्सॉर्बर घ्या. सतत दणके बसले की त्यातलं तेल तापतं आणि धक्का आवरत नाही. स्प्रिंग बदलून हा त्रास जात नाही.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून कटर चालवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

माझं मत सरळ आहे. गाडी फक्त पळवायची असेल आणि लिंकचं डिझाइन जाणकाराने केलेलं असेल, तर कॉइल. गाडीवर घर चालत असेल तर पाटे, ट्रॅक्शन बार आणि चांगले शॉक. आणि ठरवण्याआधी भुईकाट्यावर जा, फक्त मागची चाकं चढवा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. दोन आकडे लिहून घ्या. मेकॅनिकशी बोलणं त्यानंतर. भेटू पुढच्या भागात!