पाहुण्यांची वही वेगळी ठेवा



आपल्या दापोली-गुहागर भागात बऱ्याच जणी घरातल्या एक-दोन खोल्या पर्यटकांना देतात. आमच्या गटातल्या एका ताईनंही गटाचं कर्ज काढून दोन खोल्या नीट करून घेतल्या. मार्चअखेर बेरीज केली, तर वर्षाची जमा २ लाख ४० हजार! ती घाबरलीच. "एवढ्यावर कर बसणार म्हणतात. नकोच ते, बंद करते," म्हणाली.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. कर जमेवर नसतो, खर्च वजा जाऊन जे उरतं त्यावर असतो. तिनं सगळा खर्च लिहिला होता, पण घरचा आणि पाहुण्यांचा एकत्रच. पोरीची फी खोडली. घरच्यांचा किराणा खोडला. वीजबिलातला पाहुण्यांच्या खोल्यांपुरता भाग ठेवला. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दलही खोडलं. ती म्हणाली, "अगं, पैसे तर माझेच गेले ना?" गेले, पण घेतलेलेच परत केले, तो खर्च नव्हे. व्याज मात्र खर्चात धरतात. नवे पलंग आणि पंखे अनेक वर्षं टिकतात, म्हणून त्यांची किंमत एकदम वजा होत नाही. घसारा म्हणून दरवर्षी थोडी थोडी होते. तो आम्ही नंतर धरायचं ठरवलं.

उरलेला खर्च असा: पाहुण्यांचा किराणा आणि गॅस ८४ हजार, मदतनीस बाईचा पगार ३० हजार, वीज, धुलाई, साबण २२ हजार, बुकिंगचं कमिशन १८ हजार, व्याज १४ हजार. एकूण १ लाख ६८ हजार. शिल्लक ७२ हजार. तिला दुसरं उत्पन्न नाही. २०२५-२६ सालासाठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. म्हणजे भीती फुकटच होती.

पण नुसती खोली महिन्याच्या भाड्यानं दिली, समजा शाळेतल्या बाईंना, जेवणखाण काही नाही, तर हिशोब निराळा. वर्षाच्या भाड्यातून मालकिणीनं त्या वर्षी भरलेली घरपट्टी वजा करायची आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के. त्याला पावत्या लागत नाहीत, पण रंगकाम, दुरुस्ती मग वेगळी वजा होत नाही. त्या घरासाठी कर्ज असेल, तर त्याचं व्याज वेगळं धरता येतं.

शेवटी ताईनं विचारलं, "पहाटे पाचपासून मी राबते, ते कुठं लिहायचं?" स्वतःच्या कामाची मजुरी मालकिणीला खर्चात लिहिता येत नाही. मी म्हटलं, ते ७२ हजार म्हणजेच तुझी मजुरी आणि तुझा नफा. वही नसती, तर हा आकडा तुला कळलाच नसता आणि चालता धंदा तू बंद केला असतास.

तेव्हा आजच एक वेगळी वही घ्या. रोज रात्री दोन ओळी लिहा, पावत्या एका पिशवीत ठेवा आणि पाहुण्यांचे पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. मिळून बघू.