वाचा-चिकित्सेचे उच्च शिक्षण : अर्जाची पूर्वतयारी
(मंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात अनेक गुणी मुलामुलींचा सत्कार झाला, ही आपणां सर्वांस भूषणावह गोष्ट आहे. कार्यवाहांनी आम्हांस विद्यार्थ्यांना उपदेशपर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली. आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन ३६ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरओळख करून देण्यात आयुष्य गेले. तेव्हा विद्वत्तेचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर समाजातील मुलेमुली आपले प्रवेश-अर्ज व निबंध आमच्याकडे तपासण्यास आणतात. त्यांत गेल्या काही वर्षांत एका नव्या विद्याशाखेचे अर्ज येऊ लागले आहेत, ती म्हणजे वाचा-भाषा-चिकित्सा. प्रस्तुत व्याख्यानात या शाखेच्या पदव्युत्तर प्रवेशासंबंधीच बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. तीन वर्षांचे मूल बोलत नाही. एखादा मुलगा तोतरा बोलतो. टाळू दुभंगलेल्या बाळावर शस्त्रक्रिया झाली तरी त्याचे उच्चार नाकातून येतात. अर्धांगाच्या झटक्याने घरातील कर्त्या माणसाची वाचा जाते. कर्करोगामुळे कोणाचे स्वरयंत्र काढावे लागते. कोणास अन्न गिळताना ठसका लागतो. अशा सर्वांवर उपचार करणारी ही विद्या होय. श्रवणशास्त्र ही तिची सख्खी बहीण, कारण ज्यास ऐकू येत नाही त्यास बोलणे शिकणे अतिशय कठीण जाते.

आपल्याकडे बोलण्यास उशीर झालेल्या मुलाविषयी 'याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून वर्षामागून वर्ष घालविले जाते. भाषा शिकण्याचे खरे वय आरंभीची काही वर्षेच असते, आणि तीच अशी वाया जातात. शासनाने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू करून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची व्यवस्था केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषेच्या दोषांस २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्थान दिले. परंतु कायदा झाला म्हणून मूल बोलू लागत नाही. त्यासाठी त्याच्यासमोर रोज बसणारा जाणकार लागतो. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेड-पाथर्डीच्या ऊसतोड कामगारांच्या तांड्यातून आठवड्यास दोन वेळा शहरात उपचारास येणे कोणास परवडेल? आपल्या जिल्ह्यात या विद्येचे जाणते जितके वाढतील तितके थोडेच आहेत. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यातील लेकराला 'आई' म्हणता न यावे, हे आपणां सर्वांस बोचले पाहिजे.

आता शिक्षणाचा मार्ग. बारावी विज्ञान शाखेनंतर श्रवणशास्त्र व वाचा-भाषा-चिकित्सा या विषयांची चार वर्षांची पदवी असते. त्यांपैकी शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. त्यापुढे दोन वर्षांची एम्.एस्सी. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. मुंबईस वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईचे नायर रुग्णालय व पुण्याचे भारती विद्यापीठ येथेही हे शिक्षण मिळते. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे स्वतः पडताळावे. १९९२ च्या कायद्यान्वये परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून हा व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची किंवा दंडाची शिक्षा सांगितली आहे. सबब मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी म्हणजे रंग न टिकणारे लुगडे. पहिल्या धुण्यातच त्याचे खरे स्वरूप कळते.

आपल्या देशात पदवीधरास नोंदणी करून काम करता येते. अमेरिकेत मात्र या व्यवसायात शिरण्यासच पदव्युत्तर पदवी लागते. तेथील व्यावसायिकांची संघटना १९२५ साली स्थापन झालेली असून तिच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा रुग्णानुभव आवश्यक असतो. त्यांपैकी २५ तास निरीक्षणाचे व ३७५ तास प्रत्यक्ष उपचाराचे. जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र व सामाजिक शास्त्र यांचे अध्ययन झालेले असावे अशीही अट आहे. तेव्हा तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने आपल्या पदवीच्या गुणपत्रिकेत यांपैकी काय नाही, ते आधीच पाहून ठेवावे. तेथील अर्जांची मुदत बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते. म्हणजे तयारीस किमान एक वर्ष आधी लागले पाहिजे.

अर्ज सबळ कसा होतो? आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे त्याची चार अंगे आहेत.

पहिले अंग गुणांचे. याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. म्हैसूरसारख्या ठिकाणी प्रवेश-परीक्षा असते आणि ती पदवीच्या विषयांवरच असते. तेथे पाठांतरापेक्षा पाया पक्का असणे उपयोगी पडते. एखाद्या सत्रात आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे गुण घसरले असतील, तर परदेशच्या अर्जात दोन वाक्यांत सरळ कारण सांगावे. रडगाणे गाऊ नये, लपवूही नये. पुढील सत्रांतील चढते गुण हाच त्यावर उत्तम खुलासा होय.

दुसरे अंग अनुभवाचे. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणत्या वयाच्या व कोणत्या प्रकारच्या रुग्णासमवेत काम केले, त्यास काय शिकविले व काय साधले, ते लिहून मार्गदर्शकाची स्वाक्षरी घ्यावी. रुग्णाचे नावगाव मात्र लिहू नये. ते त्याचे गुपित आहे. केवळ लहान मुलांबरोबर काम केलेल्याने झटका आलेले वृद्धही पाहावेत. केवळ शहरातील रुग्णालय पाहिलेल्याने खेड्यातील अंगणवाडीही पाहावी.

याच ठिकाणी आपल्या समाजास विशेष सांगावयाचे आहे. आपल्या घरांत तेलुगू, शाळेत व बाजारात मराठी. पिढ्यान्‌पिढ्या आपण या दोन भाषा ताण्याबाण्याप्रमाणे विणीत आलो, परंतु ही विद्वत्ता आहे असे आपणांस कधी वाटले नाही. मराठीत निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगे आहेत : तो कागद, ती वही, ते पुस्तक. तेलुगूची रीत निराळी. तेथे एकवचनात पुरुष एका बाजूस व बाकी सर्व दुसऱ्या बाजूस. म्हणून घरी केवळ तेलुगू ऐकलेले आपले मूल पहिलीत 'माझा वही' म्हणते. अनेक शिक्षक अशा मुलास मठ्ठ समजतात. वास्तविक त्याच्या वाचेत दोष नाही; त्याच्या दोन भाषांत भेद आहे. उलट एखादे मूल तेलुगूतही वाक्य जुळवू शकत नसेल, तर तो खरा दोष. तेथे उपचार हवा. भेद कोणता व दोष कोणता हे ओळखणे, हा या विद्येचा गाभा आहे, आणि ज्यास दोन्ही भाषा येतात त्यासच अशा मुलाबाबत ते नीट ओळखता येते. इंग्रजी मुलांसाठी रचलेल्या चाचण्यांत आपला 'ळ' नाही, की 'चार' मधला 'च' व 'चाक' मधला 'च' यांतील फरक नाही. तेव्हा आपल्या मुलामुलींनी अर्जात आपली मातृभाषा लाजून वगळू नये. ती ठळकपणे लिहावी, आणि तिच्या बळावर काय काम केले तेही लिहावे.

तिसरे अंग शिफारसपत्रांचे. परदेशात बहुधा अशी तीन पत्रे मागतात. येथे अध्यक्षमहाराजांनी आम्हांस क्षमा करावी. परंतु ज्ञातिमंडळाच्या अध्यक्षांचे, नगरसेवकांचे किंवा आमदारांचे पत्र या कामी कवडीच्या मोलाचे नाही. ज्या अध्यापिकेने विद्यार्थिनीस रुग्णासमोर बसलेले पाहिले, तिच्या चुका सुधारल्या व प्रगती पाहिली, तिचे साधे पत्र मोठ्या पदवीधराच्या गोड पत्राहून अधिक वजनदार ठरते. पत्र मागताना निदान दीड महिना आधी मागावे, आणि आपल्या कामाची एक पानी टाचणे सोबत द्यावीत, म्हणजे लिहिणारास प्रत्यक्ष दाखले देता येतात.

चौथे अंग निबंधाचे, आणि अनेक अर्ज येथेच फसतात. आमच्याकडे आलेल्या दहा निबंधांपैकी आठ 'मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे' या वाक्याने सुरू होतात. हे वाक्य कोणीही, कोणत्याही शाखेसाठी लिहू शकतो. म्हणून ते कोणाचेच नसते. आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीचा पहिला निबंध असाच होता. आम्ही तिला एवढेच विचारले, 'बाळ, हीच विद्या का?' तेव्हा तिने आपल्या आजीची हकीकत सांगितली. आयुष्यभर विड्या वळून संसार केलेल्या आजीस झटका आला आणि शब्द सुचेनासे झाले. परंतु लग्नातले गाणे कोणी सुरू केले की तिच्या ओठांवर त्याचे शब्द येत. पुढे बोलणे थोडे परतले, तेही आधी तेलुगू व मागाहून मराठी. असे का व्हावे, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात घर करून बसला होता, आणि मेंदूतील भाषेच्या या विद्येत तो खरोखरच अभ्यासाचा प्रश्न आहे. आम्ही म्हटले, 'हाच तुझा निबंध.' तिने तो स्वतः लिहिला. आम्ही फक्त लांबण काढून टाकली.

हल्ली निबंध पैसे देऊन लिहवून घेण्याची, अथवा यंत्राकडून क्षणात तयार करून घेण्याची सोय झाली आहे. शुद्धलेखन तपासण्यापुरते साहाय्य घेण्यास आमची हरकत नाही. परंतु जी विद्या दुसऱ्याला त्याची स्वतःची वाचा मिळवून देण्यासाठी आहे, तिच्या दारात उसनी वाचा घेऊन जाणे हा विपरीत प्रकार होय. शिवाय मुलाखतीत दुसरा प्रश्न विचारताच उसना निबंध उघडा पडतो.

सदर मुलीस पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. घरात वडीलधाऱ्यांनी 'आता पुरे, स्थळ पाहू' असा सूर लावला. तिने वडिलांकडे एक वर्षाची मुदत मागून घेतली, परिषदेकडे नोंदणी केली, पगार घेऊन उपचाराचे काम केले, वही भरली आणि पुढील वर्षी पुन्हा अर्ज केला. आज ती एम्.एस्सी. करीत आहे. नकार हा अर्जाला मिळालेला असतो, मुलीच्या योग्यतेला नव्हे, एवढे पालकांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल. मुलाच्या बाबतीत आपण 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणतो. मुलीच्या बाबतीत 'पुरे' म्हणतो. हा दुजाभाव या सभेतच सोडून घरी जावे.

परदेशाविषयी एक इशारा. घर गहाण टाकून कर्ज काढण्यापूर्वी दोन वर्षांचे शुल्क, राहण्याचा खर्च व कर्जाचे व्याज कागदावर मांडावे. तेथील पदवी म्हणजे तेथे कायम राहण्याचा परवाना नव्हे. काम करण्यास त्या त्या राज्याचा परवाना व शासनाची अनुमती ही वेगळीच प्रकरणे आहेत. म्हैसूर किंवा मुंबईस प्रवेश मिळत असता केवळ प्रतिष्ठेपायी समुद्रापार धावणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. मात्र ज्याची तयारी व ऐपत आहे, त्याने अवश्य जावे, आणि मिळविलेल्या विद्येचा काही अंश आपल्या जिल्ह्यास परत द्यावा.

अखेरीस मंडळास तीन विनंत्या. गौरव-समारंभातील हारतुऱ्यांचा व छायाचित्रांचा खर्च निम्मा करून त्यातून एक लहानसा परतफेडीचा निधी उभारावा. प्रवेश-परीक्षेचे शुल्क, प्रवास व मुलाखतीचा खर्च गरजू विद्यार्थ्यास त्यातून बिनव्याजी मिळावा, आणि कमावता झाल्यावर त्याने तो भरावा. दुसरे, जे विद्यार्थी या शाखेत पुढे गेले त्यांनी वर्षातून एक रविवार समाजाच्या सभागृहात बसून लहान मुलांची तपासणी करावी व नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज वाचून द्यावेत. तिसरे, मंडळाने प्रत्येक घरी एवढा निरोप पोहोचवावा की दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, अथवा हाक मारता वळून पाहत नसेल, तर वाट पाहू नये. प्रथम कान तपासावेत.

आपल्या पूर्वजांनी मागावर तुटलेला धागा हाताने जुळवून वस्त्र पुरे केले. तुटलेला शब्द जुळविण्याची विद्या आता आपल्या नातवंडांनी घ्यावी, आणि आपण त्यांच्या अर्जामागे बळ उभे करावे.